पहिली शाई चाचांच्या हातची

जुन्नरच्या बाजारात एका चाचांचं पेनांचं दुकान होतं. आता शाईपेन कुठलं घ्यायचं हे आपलं आपण ठरवावं की नाही? पण चाचा आधी आपली बोटं बघायचे. बारीक पेन रबरी नळी दाबली की शाई ओढून घ्यायचं, जाड्यात मात्र ड्रॉपरनं भरावी लागायची. "मावशी, तुमची बोटं सुजत्यात, जाडंच घ्या. एकदा पोट भरलं की लई दिस बघाया नको," म्हणायचे. आणि नव्या पेनात पहिली शाई स्वतःच भरून द्यायचे. गिऱ्हाइकाला हात लावू देत नसत.

एकदा मी गेले तर चाचा म्हणाले, "बारीकच न्या."

"अहो, मला धरवत न्हाई ते."

"जाडी संपली."

काचेखाली जाडी पेनं चांगली दिसत होती. मी बोट ठेवलं. चाचांनी एक काढलं, ड्रॉपर उचलला, आणि हात असा थरथरायला लागला की शाई बाहीवर, काचेवर, सगळीकडं. मी पेन धरायला पुढं झाले.

"ऱ्हाऊ द्या. गिऱ्हाइकानंच भरायचं, तर मी कशाला बसलोय हितं?"

मी हात मागं घेतला.

पुढच्या खेपेला काचेखाली नुसती बॉलपेनं. चाचा दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलेले. मी जाडं शाईपेन मागितलं.

"शाईपेन आता कुणी मागतच न्हाई, मावशी."

"व्हय, खरंय," मी म्हणाले, आणि एक बॉलपेन घेतलं.