पाय काढायची जागा

बहिणीचं सासर मौद्याजवळ, धानाच्या मुलखात. सत्तर सालाच्या आसपासची गोष्ट असेल. रोवणीच्या दिवसांत मी तिच्याकडे गेले होते आराम करायला, आणि दिवसभर बांधावर बसून ऐकत राहिले बायांची गाणी. चिखलात ओणवं होऊन धानाची रोपं लावायची, एकेक पाऊल मागं सरायचं, आणि तोंडानं गाणं चालूच. पुढं म्हणणारी एक पन्नाशीची मावशी होती. मी मुलींच्या शाळेत गाणं शिकवणारी, गुरुजींसमोर बारा वर्षं घासलेली. पण तिचा आवाज ऐकून माझं तोंडच बंद झालं. चाल सरळ दुर्गा रागाच्या वळणाची. त्याच दिवशी मी ठरवलं, दुर्गेचा आलाप मी करीन, त्यातून हळूहळू या गाण्यात उतरायचं, आणि गाणं मात्र हीच म्हणेल.

नागपुरातल्या एका संगीत मंडळानं मला अर्धा तास दिला होता. माझ्या स्वतःच्या रचनांचा तो पहिला कार्यक्रम. गुरुजींना सगळं म्हणून दाखवलं तर ते हसले. "अगं, या बाया ओळीच्या शेवटी अडतात. कधी थोडं, कधी जास्त. हे बेताल आहे. तालात बसव, मग बघू."

खरं सांगायचं तर मलाही तेच वाटत होतं. बिचाऱ्या शिकल्या नाहीत, म्हणून अडतात. मी आठ मात्रांच्या केरव्यात गाणं चोख बसवलं, ती अडणारी जागा छाटून टाकली आणि स्वतःवरच खूष झाले. शहाणपणाला नुसता ऊत आला होता, दुसरं काय.

मावशी एस.टी.नं आली, नागपुरात सक्करदऱ्याला माझ्या घरी तालमीला बसली. पहिली ओळ म्हटली आणि थांबली. तबला पुढं निघून गेला. पुन्हा म्हटली, पुन्हा तेच. पाचव्यांदा माझं डोकं फिरलं. "मावशी, काहून थांबता? शेतात तर धडाधड म्हणता."

ती बिलकुल शरमली नाही. "बाई, मी तं म्हणून राहिली. तुम्हीच जागा नाही ठेवली."

"कशाची जागा?"

"पाय काढाची. चिखलात पाय फसते नं. तो निघन तवा पुढची ओळ. तुम्ही तं मले डांबरी रस्त्यावर चालवून राहिले."

तबलजी हसला. पुढच्या रविवारी मी मौद्याची गाडी पकडली, साडी खोचली आणि मावशीच्या शेजारी चिखलात उतरले. ओळ संपली की पाय उचलायचा. पातळ चिखल असला तर लगेच सुटायचा, घट्ट असला तर ओढावा लागायचा. तेवढा वेळ सगळ्या जणी गप्प राहून एकमेकींसाठी थांबायच्या, आणि मग अख्खी रांग एकदम पुढची ओळ उचलायची. तिथं मोजायला मात्रा नव्हत्या, पण ते बेताल मुळीच नव्हतं. तासाभरात माझी कंबर मोडली. मावशीनं तिरप्या नजरेनं पाहिलं. "आता समजलं नं वं?" समजलं होतं.

घरी येऊन बसवलेलं सगळं मोडलं. तबलजीला सांगितलं, ओळ संपली की हात उचलून थांबायचं आणि मावशीच्या पायाकडं बघायचं. तिचा पाय पडला की तीच सम.

"अन् पाय उशिरा पडला तं?"

"तं उशिरा."

तो दोन दिवस आलाच नाही. तिसऱ्या दिवशी तोंड फुगवून आला आणि तबला लावायला बसला.

गुरुजींच्या घरी जाऊन नवं बसवलेलं म्हणून दाखवलं, तर ते ऐकता ऐकता उठले. "हेच करायचं असेल तर पत्रिकेत गुरू म्हणून माझं नाव घालू नकोस." त्यांचं नाव गेलं की या शहरात मी कोण? कुणाची म्हणून गाणार? दुसरी कुणी असती तर पाया पडून मोकळी झाली असती. माझा स्वभाव आधीच तिरसट. मी म्हणाले, "बरं." घरी येऊन पोटभर रडले आणि तालीम ठरल्या वेळेला सुरू केली. पत्रिका छापायला दिली तेव्हा 'गुरू' या शब्दापुढची जागा कोरी ठेवली. रागानं ठेवली, कबूल करते.

कार्यक्रमाला गुरुजी आले, अगदी मागच्या ओळीत बसले. माझा आलाप झाला. मावशी उभी राहूनच गायली, अनवाणी, एकेक पाऊल मागं सरत. ओळ संपली की तबला गप्प, पाय पडेपर्यंत. आधी लोकांत चुळबुळ झाली. चौथ्या ओळीला सगळं सभागृह तिच्या पायासाठी श्वास धरून बसलं होतं.

संपल्यावर गुरुजी विंगेत आले. माझ्याकडं न बघता मावशीला म्हणाले, "पुन्हा म्हणाल?" ती म्हणू लागली. गुरुजी हातावर ताल धरायला गेले आणि दोनदा चुकले. तिसऱ्यांदा त्यांनी मोजणं सोडलं, तिच्या पायाकडं बघत राहिले, आणि टाळी बरोबर पावलावर पडली. मला वाटलं, आता म्हणतील, घाल माझं नाव. मी त्याचीच वाट बघत होते.

त्यांनी खिशातून पत्रिका काढली. "ही जागा कोरी का?"

"तुम्हीच नको म्हणालात."

"मी माझं नाव नको म्हणालो होतो. हिचं का नाही घातलंस?"

मी त्यांच्या हातातली पत्रिका घेऊन पाहिली. मावशीचं नाव पत्रिकेत होतं. अगदी खाली, तबलजीच्याही नंतर, 'सहभाग' म्हणून.