झाडावरच्या टर्कीला केलेला आग्रह

आधी मालकीणबाईंचं सांगतो, शिकारीचं मग. ऑस्ट्रेलियात, टास्मानियाच्या उत्तरेला एका वाऱ्याच्या बेटावर त्यांची डेअरी आहे आणि मी तिथे गाईंचं दूध काढतो. नववीत शाळा सोडलेल्या, इंग्रजी बोलताना घाम फुटणाऱ्या माणसाला त्यांनी कामावर घेतलं, राहायला खोली दिली, ट्रॅक्टर शिकवला. ‘चुकलं तर चुकलं, नो वरीज,’ हे त्या इतक्यांदा म्हणाल्या की शेवटी मला रात्री निवांत झोप लागायला लागली.

माझी बायको सिडनीला नर्स आहे. ऑक्टोबरात तिचे वडील गावाहून आले आणि ती त्यांना घेऊन पहिल्यांदाच बेटावर येणार होती. सासरे निवृत्त हेडमास्तर. लग्नात मला त्यांनी एकच प्रश्न विचारला होता, ‘शाळा का सोडलीत?’ तेव्हापासून त्यांच्यासमोर माझी जीभ एक तर टाळ्याला चिकटते, नाहीतर थांबतच नाही. या खेपेला त्यांना मी मिळवलेलं काहीतरी खाऊ घालायचं होतं. दुकानातलं नको, माझ्या हातचं.

इथे रानटी टर्की फार. वसंतात, म्हणजे इथे ऑक्टोबरच्या सुमाराला, नर पिसारा फुलवून माद्यांमागे फिरतात आणि नव्या गवताची वाट लावतात. मालकीणबाई म्हणाल्या, “बंदूक माझी, लायसन्स माझं. तू फक्त बोलवायचं.” आणि त्यांनी हातात एक लाकडी डबी दिली. तिचं झाकण कडेवर हलकं घासलं की मादीसारखा आवाज निघतो.

फोनवर बायकोला सांगितलं तर ती हसतच सुटली. “शिकारीत गप्प बसावं लागतं म्हणे. जमणारे का तुला?”

“तू बाबांना घेऊन ये. रस्सा तयार असेल.”

“मसाला मी आणते, पेंडल हिलच्या देशी दुकानातून. टर्की उडाली तर भाजीला घालू.”

आदल्या संध्याकाळी आम्ही लांबून बघून ठेवलं. वाऱ्याला आडोसा म्हणून लावलेल्या पाइनच्या रांगेत, वारा लागत नाही त्या अंगाला, टर्की एकेक करून फांद्यांवर चढल्या. मला वाटलं, पहाटे थेट झाडाखालीच जाऊन बसावं. बाई म्हणाल्या, “तुझ्या पलंगाखाली कोणी खुडबुडलं तर तू खाली उतरशील का? टर्की मोकळ्या गवतावर उतरतात. आपण तिथे बसायचं, कुंपणाला टेकून.”

पहाटे त्यांनी माझ्यासाठी दूध काढायचं काम पुढे ढकललं. टॉर्च न लावता, कुंपणाच्या कडेने आम्ही गेलो. जरा फटफटलं तशी त्यांनी मान हलवली. मी झाकण घासलं, अगदी हळू. झाडावरून लगेच उत्तर आलं, गडगडाटासारखं. माझ्या अंगावर काटाच आला. येतोय म्हणाला की!

मग मला राहवेना. पुन्हा बोलावलं. तो पुन्हा गरजला. मी परत, तो परत. फांदीवरून मात्र हलेना. उजाडत चाललं होतं, तिकडे गोठ्यात गाई हंबरायला लागल्या होत्या, आणि मी झाकण घासतोच आहे.

“बस कर,” बाई कुजबुजल्या. “इतकं बोलावतोयस, त्याला वाटतंय मादीच झाडाखाली येणार. तो कशाला उतरेल?”

“आमच्याकडे एकदा बोलावून कोणी जेवायला बसत नाही,” मी कुजबुजलो. “तीनदा तरी म्हणावं लागतं. नाहीतर पाहुणा रुसतो.”

त्यांचे खांदे हसून गदगदा हलले. “हा रुसू दे, मेट.” डबी माझ्या हातातून काढून त्या तिच्यावर चक्क बसल्या.

आता करायला काहीच उरलं नाही. मी जीभ दातांत धरली. सासऱ्यांचा चेहरा डोळ्यांपुढे आला, पुढ्यात वरण-भात. नर एकदा गरजला, दुसऱ्यांदा गरजला, मग गप्प झाला. आधी माद्या धपाधप उतरल्या. आणि मग तो, केवढा तरी, पंख फडफडवत गवतावर आला, पिसारा फुलवला आणि कोणी बोलावलं ते शोधत थेट आमच्याकडे निघाला. बाईंनी एकच गोळी झाडली. मी उड्या मारत सुटलो, नाकात पाणी येईपर्यंत हसलो.

मांस चिवट होतं, कुकरने बऱ्याच शिट्ट्या घेतल्या. बायको आणि सासरे आले, रात्री मालकीणबाईही आमच्यासोबत जेवायला बसल्या, आणि सासऱ्यांनी तंगडी हातात धरली. “जावईबापू, हा कोंबडा म्हणायचा की वासरू? तुम्ही मारलात?”

“मारला यांनी. मी गप्प बसलो.”

“बाबा, तेच अवघड होतं,” बायको म्हणाली. सासऱ्यांनी मोठ्याने हसून वाटी पुढे केली. “रस्सा वाढा. फर्स्ट क्लास झालाय.” त्यांच्याकडून मार्क मिळाल्यासारखं वाटलं मला.

मग त्यांनी मालकीणबाईंना मुलाबाळांचं विचारलं. बायकोने त्यांचा प्रश्न इंग्रजीत सांगितला. बाईंची लेक पार पश्चिमेला, कालगुर्लीला खाणीत इंजिनिअर आहे, तिला बाळ झालंय. सासऱ्यांनी विचारलं, “बघून आलात का?” बाई म्हणाल्या, “फोनवर बघते. गाईंना सुट्टी नसते ना.” आणि ताटाकडे बघत राहिल्या.

लेकीसाठी इतक्या लांब आलेले सासरे माझ्या समोर बसले होते. मला तिथेच बोलायचं होतं, धीर झाला नाही. म्हणून इथे लिहितो. बाई, मशीन बिघडलं तर काय करायचं आणि गाय आजारी पडली तर काय, एवढं मला शिकवा. मग आठवडाभर अख्खी डेअरी मी एकटा सांभाळीन आणि तुम्हाला स्वतः विमानात बसवून देईन. नातवंड मांडीवर घेतल्याशिवाय परत यायचं नाही.