जास्त पाण्याचा भात

दरवर्षी नवा तांदूळ आला की पहिल्या दिवशी मी भातात मुद्दाम जास्त पाणी घालते. नवा तांदूळ मुळातच ओलसर, त्याला पाणी कमी लागतं. आमच्या भंडारा जिल्ह्यात हे परकर नेसणाऱ्या पोरीलाही ठाऊक असतं. जेवायला आलेलं माणूस ताटातला तो लगदा पाहून कधी गप्प राहतं, कधी हसतं. मी सांगत बसत नाही. आज लिहून ठेवते.

माय आजारी पडली तेव्हा सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी भंडाऱ्याला मुलींच्या शाळेत शिकवत होते आणि खोली करून एकटी राहत होते. वडील मी कॉलेजात असतानाच गेले होते. मला भाऊ नाही, बहीण नाही. सिहोऱ्याजवळच्या आमच्या गावी माय आमच्या धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची शेतं, सांभाळून होती. सुट्टीत मी गेले की आम्ही दोघी एकाच वेळी जेवायला बसायचो. त्या उन्हाळ्यात मात्र ती "तू खाऊन घे, मी मागून खातो" म्हणू लागली. एकदा मी स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलं. ती प्रत्येक घास पाण्याच्या घोटानं खाली ढकलत होती आणि मध्येच डोळे मिटून थांबत होती.

नागपूरला नेलं. अन्ननलिकेचा कॅन्सर निघाला. विजेचे शेक सुरू झाले. दवाखान्याच्या लांब बाकावर नंबर येईपर्यंत बसावं लागे, म्हणून मी पिशवीत पुस्तक ठेवत असे. एकदा माय म्हणाली, "एवढं काय लिवलं आहे वो त्याच्यात? बसल्यापासून एकच पान वाचून राहिली."

मी पुस्तक मिटून टाकलं. ती हसली. आजारी ती होती आणि मला हसवायचं कामही तीच करत होती.

पावसाळा सरता सरता डॉक्टरांनी मला बाजूला बोलावलं. आता घरी न्या, म्हणाले, गिळता येईल ते द्या. मी शाळेत बिनपगारी रजेचा अर्ज केला. आमच्या मुख्याध्यापिका कडक होत्या. त्यांनी अर्जावर सही केली, चष्मा काढला, आणि कधी येणार हे विचारलंच नाही. माझे तास इतर बाईंनी आपसांत वाटून घेतले होते, हे मला पुष्कळ नंतर कळलं.

गावी शेजारचं घर माझ्या चुलत काकांचं. तिथली काकू मायची धाकटी जाऊ. जुन्या तांदळाची पेज पातळ फडक्यातून गाळून ती सकाळ-संध्याकाळ घेऊन यायची. त्या आजाराचं नाव ती कधी घेत नसे, "थे बिमारी" म्हणायची. मायशी बोलताना मात्र तिचा आवाज आपोआप चढायचा.

"हळू बोल न वो," माय बसलेल्या आवाजात म्हणायची. "गळा बिघडला माझा, कान नाही."

दसरा झाला. हलका, लवकर येणारा धान पिवळा पडला. काकूनं स्वतःच्या धानाबरोबर आमचाही कापून घेतला. गल्लीत एकेका घरी नवं खाणं होऊ लागलं. नव्या तांदळाचा भात शिजला की त्याचा वास कुडाच्या भिंतीतून थेट आमच्या ओसरीपर्यंत यायचा. आमच्या घरी मात्र जुनाच तांदूळ शिजत होता. कारण साधं होतं. नवं खाताना पहिला घास घरातल्या मोठ्या माणसानं घ्यायचा, त्याआधी बाकीच्यांनी त्या तांदळाला तोंड लावायचं नाही, अशी आमची रीत. आमच्या घरात मोठी माय. आणि मायला तर पेजेचं पाणीही चमच्या-चमच्यानं द्यावं लागत होतं. ती घास घ्यायला जाईल, तो उतरणार नाही, आणि तिचं शेवटचं नवं असं ठसका लागून जाईल, या भीतीनं मी काकूशी ठरवून टाकलं की यंदा विषयच काढायचा नाही.

विषय मायनंच काढला. "धान कापला, झोडला. आपलं नवं काहून नाही झालं?"

"वाळायचा आहे अजून," मी म्हणाले.

"मास्तरीण झाली, पण खोटं बोलाले नाही शिकली."

काकू मदतीला आली. "यंदा राहू द्या न बाई. तुमच्यानं घोट गिळवत नाही..."

"म्हणून माझ्या पोरीनं जुनाच तांदूळ खाचा काय?" माय बाजेवर उठून बसली. एवढं बोलायलाही तिला दम लागला. "मी न खाता गेली, त हे पोट्टी पुढं नव्याले हात लावन काय? घर अडून राहीन हिचं. मले खाऊ द्या."

दुसऱ्या दिवशी काकूनं उखळात थोडा धान कांडला. भातही तीच लावणार होती, पण मायनं अडवलं. आमच्या चुलीवर आमच्या घरचीच रांधेल, म्हणाली.

"हे रांधन?" काकू माझ्याकडे पाहत म्हणाली. "मास्तरीणबाई, फळ्यावर नाही शिजत भात!"

मला राग आला. मी रोज माझा भात करत होते. फक्त तो रेशनच्या दुकानातला जुना, कोरडा तांदूळ असे, ओताल तेवढं पाणी पिणारा. त्याच मापानं मी गंजात पाणी ओतलं आणि झाकण ठेवलं. काकू दोन्यासाठी पळसाची पानं आणायला गेली होती. ती परत आली तेव्हा गंजात भात नव्हताच. शीत वेगळं दिसत नव्हतं. उकळून उकळून सगळं एकजीव झालं होतं आणि मधूनच एखादा बुडबुडा फुटत होता.

"अगं बाप्पा!" काकूनं कपाळाला हात लावला. "भात आहे का खळ? निवडणुकीचे कागद चिपकवाचे आहेत काय गावभर?"

मला रडू येऊ लागलं होतं. त्या वर्षीचं नवं, आणि ते मी असं करून ठेवलं. "काय झालं?" मायनं बाजेवरून विचारलं. काकू गंज तसाच फडक्यानं धरून तिला दाखवायला घेऊन गेली. मायनं आत डोकावलं आणि ती हसायला लागली. हसताना गळा दुखायचा, म्हणून एका हातानं गळा धरून हसत राहिली. मग म्हणाली, "दे इकडं."

चुलीला, देवाला ठेवून झालं. काकूनं दोन्यात भात घातला. मायनं बोटाच्या टोकावर थोडासा घेतला, फुंकला, जिभेवर ठेवला. काकू दाराकडे पाहू लागली. मी जमिनीकडे. पुष्कळ वेळ तिच्या तोंडात तो घास होता. मग काकूचा हात माझ्या खांद्यावर पडला आणि मी वर पाहिलं. माय दुसऱ्यांदा बोट भरून घेत होती.

"गेला," ती म्हणाली. "गोड आहे."

पेजेच्या पाण्यात नव्या तांदळाची चव उतरली असती की नाही, कोण जाणे. चांगला मोकळा भात झाला असता तर तो तिच्या गळ्याखाली उतरलाच नसता. तिसऱ्यांदा तिनं बोट भरलं ते माझ्यासाठी. मी तोंड उघडलं, लहान असताना उघडत असेन तसं. "खा आता," ती म्हणाली. "झालं नवं."

त्यानंतर काही दिवस मी तसाच भात करत होते, आणि ती दोन-चार बोटं तरी खात होती. मग तेही थांबलं. उशिरा येणारा भारी धान कापायच्या आधीच ती गेली.

मी शाळेत परतले. वाचनालयातून मृत्यूवर, शोकावर लिहिलेलं मिळेल ते आणून वाचू लागले. चांगली पुस्तकं होती, पण कुठलंच पूर्ण झालं नाही. शेवटी मी ती आणणं सोडलं. वर्गात मुलींना कविता शिकवताना बरं वाटायचं, मधल्या सुट्टीत नाही. रविवारी तर मुळीच नाही.

पुढच्या दसऱ्यानंतर काकूचा निरोप आला, धान झोडून झाला, ये. मला जायचं नव्हतं. आता पहिला घास मला घ्यावा लागणार होता, आणि तो घेतला की आपल्या घरात आपल्याहून मोठं कोणी उरलं नाही हे कबूल करणं आलं. तरी गेले. न जाण्याचं कारण काकूला सांगता आलं नसतं.

काकूनं तांदूळ कांडून ठेवला होता. चूलही आमचीच पेटवून ठेवली होती. या वेळी ती जवळच बसली. "मी सांगतो तेवढंच पाणी टाक, बाई."

मी तिनं सांगितलं तेवढं टाकलं. मग तांब्या खाली ठेवायच्या ऐवजी आणखी ओतलं. काकू माझ्याकडे पाहत राहिली. मला वाटलं, आता ओरडेल. तिनं पदरानं नाक पुसलं. "टाक अजून थोडं," ती म्हणाली. "तसाच होऊ दे."

दोन्यातला भात मी पुढ्यात घेतला आणि थांबले. "आधी तुम्ही घ्या न काकू. मोठ्या तुम्ही."

"माझ्या घरची मी. या घरची तू," ती म्हणाली. "तिनं कशाले एवढा जिवाचा आटापिटा केला मंग? खा."

तसल्या गळ्यानं मायनं तो घास खाली उतरवला होता तो या दिवसासाठी, हे मला तेव्हा नीट कळलं. मी बोटाच्या टोकावर भात घेतला, फुंकला आणि खाल्ला. गोड होता. सहज उतरला. दुसऱ्यांदा बोट भरलं ते काकूसाठी.

तिनं खाल्लं, तोंडातल्या तोंडात घोळवलं. "खळच आहे," म्हणाली, आणि आपला रिकामा दोना माझ्यापुढे केला.