विड्याचं ताट आत गेलं

दोस्तांनो, सायबर कॅफेतून लिहितोय. डोकं अजून तापलेलंच आहे, पण आता स्वतःवर.

आज सकाळी अप्पा आणि मी नवनगरला घर बघायला गेलो होतो. दलाल नको, हा हट्ट माझाच. 'घर विकणे आहे' ही पाटीही मीच हेरलेली. जिच्यावर माझा जीव आहे, तिच्या वडिलांनी सांगून ठेवलंय, "आधी स्वतःचं घर करा, मग लग्नाचं बोलायला या." म्हणून घाई मलाच.

मालक रिटायर्ड मास्तर. नळाला आठवड्यातून एकदाच पाणी येतं, हेसुद्धा त्यांनी आपणहून सांगितलं. भाव जुळला. त्यांच्या घरच्या अक्का विडा-नारळाचं ताट घेऊन आल्या. आमच्याकडे ते ताट हातात पडलं की व्यवहार पक्का.

तेवढ्यात मास्तरांनी मला कानडीत विचारलं, "एनप्पा, कॉलेज मुगीता?" कॉलेज संपलं का, एवढंच. अर्धवट सोडलं म्हणायला जीभ वळेना. मी तडकलो, "घर विकताय की पोरगी देताय?"

अक्कांनी ताट तसंच आत नेलं.

परतताना बसमध्ये अप्पा एवढंच म्हणाले, "दलाल असता तर बोलणी त्यानं केली असती. तुला तोंड उघडावंच लागलं नसतं."

तिला अजून काही सांगितलं नाही. उद्या एकटाच मास्तरांकडे जाणार आहे. पण त्यांनी दार उघडल्यावर पहिलं वाक्य काय बोलू? तुम्हीच लिहून द्या. माझ्या तोंडावर माझा भरवसा राहिला नाही.