शनिवारचे नऊ जण

जबलपूर स्टेशनवर गाडी सुटायला पाच मिनिटं होती आणि बाबा मला पार्टी समजावत होते. इतरांचे बाप अशा वेळी पासपोर्ट घेतला का, लोणचं नीट बांधलं का, असं विचारतात. आमचे बाबा सरकारी कारखान्यातले रिटायर टर्नर, जन्म लाल झेंड्याच्या युनियनमध्ये घालवलेले. मी निघालो होतो बल्गेरियाला, मोटारींच्या वायरिंगच्या कारखान्यात. त्यांच्या लेखी तो अजून कम्युनिस्टांचाच देश होता.

"ते राज्य कधीच गेलं, बाबा," मी म्हटलं.

"राज्य गेलं असेल. पार्टी तर असेल ना? जाऊन भेटून ये. आपलीच माणसं आहेत ती."

गाडी हलली तशी त्यांनी मूठ वर केली. मला लाज वाटली. सिहोऱ्याला उतरणारे एक भैया म्हणाले, "पिताजी नेता हैं क्या?"

या गोष्टीला चार वर्षं झाली. तुमच्यापैकी जे असेच कुठं कुठं गेलेत, त्यांना सांगायला नको. दिवसभर उभं राहून पाय सुजतात. सुपरवायझर काहीही म्हणाला की मी 'दोब्रे' म्हणतो, म्हणजे ठीक आहे. नेपाळी पोरांशी हिंदी, आणि मराठी फक्त रविवारी, फोनवर. तीही आता शब्द शोधत बोलावी लागते. जबलपुरात आम्ही मराठीत हिंदी कालवायचो, इथं त्यात बल्गेरियनही पडली.

पहिल्याच वर्षी एका शनिवारी दुपारी पार्टी शोधून काढली. बेकरीच्या मागे एक खोली, तिथं नऊ माणसं. सगळ्यात तरुण माणूस पासष्टचा. प्रमुख रुमियानाबाई, भूगोलाच्या रिटायर शिक्षिका. मीटिंग थेट आमच्या जबलपूरच्या गोहलपूर भागातल्या युनियनसारखी: परिस्थिती बिकट आहे, मग चहा, मग स्मारकावर वाहायला फुलं कोण आणणार यावर भांडण. मला बाबांसाठी एक फोटो हवा होता, बस. निघताना बाईंनी काहीतरी विचारलं. त्यात 'शनिवार' तेवढा कळला. मी पार थकलेलो. मान आडवी हलवली, येणार नाही म्हणून. नऊच्या नऊ चेहरे खुलले.

बल्गेरियात आडवी मान म्हणजे होय. हे मी येण्याआधी वाचलं होतं आणि विसरलो होतो. पुढच्या शनिवारी सहज त्या रस्त्यानं गेलो, तर बाई दारातच उभ्या. आत दहावी खुर्ची मांडलेली आणि त्यावर रुमालात बांधलेला बानित्सा, चीज भरलेली त्यांची घरची पोळी. आता नाही कुठल्या मानेनं म्हणणार? तेव्हापासून जातो. सभासद नाही, नुसता बसतो. निम्मं कळत नाही. पण कोणीतरी पायांना मिठाच्या पाण्याचा उपाय सांगतं.

बाबांना मात्र मी वेगळंच सांगितलं. कामगार दिनाला, एक मे रोजी, काढलेल्या पार्टीच्या फोटोत बसची वाट पाहणारे लोकही आले होते. बाबांनी विचारलं, "किती असतील?" मी म्हटलं, "शंभरेक." थकलेल्या माणसाला खरं समजावण्यापेक्षा खोटं बोलणं सोपं जातं. मग ते युनियनमध्ये सांगत सुटले, की पोरगा तिकडं पार्टीत बसतो.

गेल्या महिन्यात फोनवर म्हणाले, "पासपोर्ट काढून राहिलो. ती शंभर माणसं एकदा डोळ्यांनी पाहायची आहेत."

चौऱ्याहत्तरचं वय, गुडघे गेलेले. तीन रविवार मी हवापाण्यावर बोललो. चौथ्या रविवारी सांगून टाकलं, "बाबा, शंभर नाहीत. नऊच आहेत. म्हातारे आहेत सगळे. बाकीचे बसला उभे होते."

मला वाटलं, संपलं. मी त्यांचं शेवटचं काहीतरी हिसकावून घेतलं.

"नऊ?" ते म्हणाले. "दर शनिवारी येतात?"

"येतात."

"मग काहून लाजून राहिला तू? इथं आम्ही तिघंच उरलो."

हे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. म्हणजे खोटं बोलणारा मी एकटा नव्हतो.

"मग तुम्ही याच, बाबा," मी म्हटलं. "पाहायला नाही, राहायला या."

"नाही रे. मी निघालो तर इथं दोघंच राहतील. दोघांची काय मीटिंग होते?"

घर कुठं, असं कोणी विचारलं की मी आजवर पटकन गावाचं नाव सांगायचो. आता वाटतं, आपण उठून गेलो की जिथं माणूस कमी पडतो, ते घर. आई गेल्यावर आमच्या घरात दोघंच होतो, बाबा आणि मी. मी नोकरीचं सांगितलं, तेव्हा माणसं मोजणाऱ्या त्या माणसानं मागं एकच उरेल, हे मोजून दाखवलं नाही. "चलो, बढिया," म्हणाले, आणि माळ्यावरची बॅग स्वतः काढून पुसून दिली.