मावशीची सही

शाळेच्या पालक समितीत माझ्या शेजारी मुर्धा गावची एक कोळीण बसायची. नात दुसरीत होती, म्हणून ती समितीत. नाव मी कधी विचारलं नाही. सगळे मावशीच म्हणायचे. मासळी विकून थेट सभेला यायची आणि नळावर दोनदा हात धुतल्याशिवाय कागदाला शिवायची नाही. सहीपुरतं लिहिता यायचं, वाचायला मी लागायचो.

पोरं कमी झाली म्हणून मराठी वर्ग दूरच्या शाळेत हलवायचा ठराव आला, तोही मीच वाचून दाखवला. माझी सही त्यावर आधीच होती. मुलीला मी जूनपासून इंग्लिश मीडियमला घालणार होतो.

"येवढी लांब बारकी पोरं कशी जातील?"

"बस देणार म्हणतायत, मावशी."

"लिवलंय का त्यात?"

"नाही."

"मग माझी सही न्हाय," ती शांतपणे म्हणाली आणि पेन माझ्यापुढे ठेवलं.

ठराव तिच्याशिवाय मंजूर झाला. जूनमध्ये बस आली नाही. एका सकाळी नाक्यावर माझ्यासमोर रिक्षा थांबली. आत नात, शेजारची दोन पोरं आणि मावशी.

"या भाऊ, शालेकडं चाललोय. सरकून बसू."

मला फार बसावंसं वाटलं. पण "जवळच जायचंय" म्हणालो, आणि रिक्षा वळून दिसेनाशी होईपर्यंत तिथंच उभा राहिलो.