ढोलकीमामांनी राखून ठेवलेला स्टार

ढोलकीची दोरी ताणताना मामा एका वेळी एकच कडी ओढत. मग थाप मारून ऐकत आणि त्यानंतरच दुसऱ्या कडीला हात लावत. कार्यक्रमाला उशीर होतोय म्हणून शाहीर कितीही ओरडले तरी त्यांना फरक पडत नसे. "दोन कड्या एकदम वडल्या तर गुन्हा कुणाचा ते कळत न्हाई," हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

परभणीतल्या आमच्या वस्तीत त्यांना सगळे ढोलकीमामाच म्हणत. आमच्या भीमगीतांच्या पार्टीत शाहीर गात, मामा ढोलकीवर आणि मी टाळावर. मी ऑफिसात आकडे जुळवणारा माणूस. टाळही तसाच वाजवतो. चुकत नाही, एवढंच. पण मामा म्हणत, "तुझ्या टाळावरच माझा हात चालतो बघ."

मामांना कानाचं मशीन लागल्यावरही तो हात चालत होता. मशीन मोबाइलमधल्या अ‍ॅपवर चालायचं. एक दिवस त्या अ‍ॅपचं अपडेट आलं, आणि पुढच्या सरावाला मामा समेवर चुकले. परत चुकले. ढोलकी थांबवून म्हणाले, "टाळ का बंद केलास रे?"

मी बंद केला नव्हता.

शाहिरांनी मला बाजूला घेतलं. "मामाचं वय झालं आता. जयंतीला पाथरीत दुसरा ढोलकीवाला बघावा लागंल."

मला काहीच ठरवता येईना. मामांना माझं बोलणं ऐकू येत होतं, शाहिरांचं गाणं ऐकू येत होतं, ऑटोचा हॉर्नसुद्धा. फक्त टाळ नाही. दोष कानाचा, मशीनचा, अपडेटचा की वयाचा?

"एकेक कडी वडून बघू," मामा म्हणाले. मशीनचे सेल बदलले, टाळ नाही. डॉक्टरांनी कान तपासले. ऐकणं आधी होतं तेवढंच निघालं. अ‍ॅपमध्ये गोंगाट कमी करायची सोय होती, ती बंद केली. स्क्रीनवर बंद दिसली, तरी टाळ नाहीच. कंपनीच्या मदत-क्रमांकावरच्या बाई पुन्हा पुन्हा म्हणत, "काका, ते बंद आहे ना? मग टाळ ऐकू यायलाच पाहिजे." हिशेब बरोबर होता आणि उत्तर चूक होतं.

शेवटी रविवारी सकाळी समाजमंदिरात व्हिडिओ कॉल लावला. मामा, शाहीर आणि मी हजर. एक अख्खं गाणं वाजवून आम्ही थांबलो.

"ढोलकी छान आहे," बाई म्हणाल्या. "पण ते शेजारचे काका नुसतेच हात का हलवताहेत?"

मी टाळाकडे बघितलं, मग शाहिरांकडे. "मला तर ऐकू यायलंय बाबा!" शाहीर घाबरूनच बोलले. हातातला टाळ खरा आहे की नाही, असं मला झालं. मामा मात्र डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "बाई, तुमच्या मोबाइलनं बी टाळ गिळला! मग तुमचं बी वय झालं म्हणायचं का?"

पलीकडे बाईंनी कॉलचा आवाज वाढवून पाहिला. मग म्हणाल्या, "कॉलला टाळ म्हणजे गोंगाट वाटतोय. तुमच्या मशीनचंही आतून तेच होत असणार, वर बंद दिसत असलं तरी." त्यांनी तिथल्या तिथे डेव्हलपरला कॉलवर घेतलं. तो म्हणाला, "बरोबर आहे, चूक आमचीच. पुढच्या मोठ्या अपडेटमध्ये बाकीच्या बदलांसोबत दुरुस्त करून देतो."

"न्हाई बाबा," मामा म्हणाले. "एकच कडी वड. बाकीचं मागून."

जयंतीच्या आधी तेवढीच एक दुरुस्ती आली. पाथरीला पहिल्याच समेवर मामांनी माझ्याकडे बघून मान हलवली. शाहिरांनी गाता गाताच हात जोडले.

अ‍ॅपने स्टार मागितले. मामांनी मला चारच द्यायला लावले. "एक राखून ठेव. फुडच्या अपडेटला बघू."

पुढच्या थंडीत मामा गेले. मामींनी मशीन आणि मोबाइल माझ्याकडे दिला, म्हणाल्या, "तुलाच कळतंय त्यातलं." खरं तर मला अजूनही काही कळलेलं नाही. एक दिवस मोबाइलवर अपडेटची सूचना आली. आता ते कुणासाठी करायचं, हे सुचेना. तरी केलं. मशीन कानाला लावलं आणि टाळ एकदाच वाजवला.

तो विरेपर्यंत ऐकला. मग अ‍ॅप उघडून मामांच्या नावावर राहिलेला पाचवा स्टार त्या बाईंच्या कंपनीला देऊन टाकला.